जून महिन्यातली गरिबी

नाशिकच्या पंचवटीतला माणूस आपलं उत्पन्न प्रसंग बघून सांगतो. मुलासाठी स्थळ घेऊन पाहुणे आले की एक आकडा असतो. हिरावाडीत फ्लॅट घ्यायचा म्हणून बँकेत कर्ज मागायला गेला की दुसरा. आणि घरातलं पोर बारावी पास झालं की तिसरा. पहिले दोन आकडे चढते असतात. तिसरा इतका खाली उतरतो की ऐकणाऱ्याचा हात आपोआप खिशाकडे जावा. बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो, आणि जून उजाडेपर्यंत निमाणीपासून दिंडोरी रोडपर्यंतची सगळी वस्ती आर्थिकदृष्ट्या दुर्बल झालेली असते. दारात दोन गाड्या उभ्या असलेला गृहस्थ सेतू केंद्राकडे मुद्दाम पायी निघतो. शर्टही कपाटातला शोधून जुना काढलेला असतो.

या गरिबीचं अधिकृत नाव उत्पन्नाचा दाखला. तो तहसीलदार देतात, पण तहसीलदारांचं दर्शन कुणालाच होत नाही. सगळा कारभार चालतो सेतूत किंवा महा ई-सेवा केंद्रात, एका कॉम्प्युटरसमोर बसलेल्या तरुणाच्या हातून. रेशन कार्ड, आधार कार्ड, लाईट बिल, स्वयंघोषणापत्र, तलाठ्याचा अहवाल, पगारदार असाल तर फॉर्म सोळा, शेती असेल तर सातबारा. हे सगळं त्याच्या पुढ्यात ठेवलं की तो मान वर न करता विचारतो, "काका, किती टाकू?"

किती आहे, असं तो विचारत नाही. चहात साखर किती टाकू, त्या सुरात तो विचारतो.

काका थोडे घुटमळतात. मागे उभ्या असलेल्या माणसाकडे तिरपं बघतात. आवाज खाली आणून म्हणतात, "टाक ना जे बसेल ते." 'बसणं' ही या हंगामातली सगळ्यात महत्त्वाची क्रिया. पोर वर्गात बसो न बसो, बाप मर्यादेत बसला पाहिजे.

ज्याचा धंदा रोखीचा, त्याला हे बसणं अवघड जात नाही. भाजीची गाडी असो, रिक्षा असो, गंगेवरचं, म्हणजे आमच्या गोदावरीवरचं, फुलांचं दुकान असो, त्यांचं उत्पन्न त्यांना स्वतःलाही नक्की ठाऊक नसतं. ते खोटं बोलतात असं मी म्हणणार नाही. श्रावणात वेगळं, पितृपक्षात वेगळं, सिंहस्थात तर फारच वेगळं, अशा कमाईचा वर्षाचा आकडा काढायला बसलात तर तुमचीही बोटं अपुरी पडतील. शिवाय ज्याचं उत्पन्न खरोखरच फार थोडं आहे, त्यालाही 'साठ हजार टाका' म्हणताना कसनुसं होतं, आणि तो उगाच लाख सांगून बसतो. लाजेपोटी वाढवून सांगितलेलं उत्पन्न हासुद्धा या रांगेतला एक प्रकार आहे. त्याच्याकडे कुणी बघत नाही.

खाली जायला म्हणाल तर तळ नाही. मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला २०२५ च्या जुलैत वार्षिक उत्पन्न तीन रुपये असल्याचा सरकारी दाखला मिळाला. रीतसर, तहसीलदारांच्या सहीने. महिन्याला पंचवीस पैसे पडले. देशभर हसं झाल्यावर लिहिताना चूक झाली असा खुलासा आला आणि तीन रुपयांचे तीस हजार झाले. आमच्याकडच्या रांगेत ही बातमी वाचून एक आजोबा म्हणाले, "तीन रुपये कशाला दाखवले पण? त्यात एखाद्याला संशय यायचा."

या हंगामात खरा पोरका होतो तो पगारदार. त्याला कुणी 'किती टाकू' असं विचारतच नाही. त्याचं आयुष्य फॉर्म सोळावर आधीच छापून आलेलं असतं, रुपयांपर्यंत, पुढे शून्य शून्य पैसे. त्याच्या शेजारी राहणारा मार्केट यार्डातला व्यापारी त्याच्या दुप्पट कमावतो हे त्यालाही माहीत असतं, व्यापाऱ्यालाही आणि तलाठी भाऊसाहेबांनाही. पण व्यापाऱ्याचं पोर शिष्यवृत्तीच्या यादीत असतं, आणि पगारदाराचं पोर फी भरायच्या रांगेत. संध्याकाळी दोघे बाप सोसायटीच्या जिन्यात भेटतात, 'काय म्हणतंय कॉलेज?' असं एकमेकांना विचारतात, आणि पगारदार तो प्रश्न कितीदा तरी ऐकून घेतो.

याच फॉर्म सोळाने आणखी एक घरगुती गुपित फोडलं आहे. मराठी घरात बापाचा पगार पोरांना सांगायचा नसतो. आईला अंदाज असतो. आजीला आकडा पक्का माहीत असतो, पण तो वीस वर्षांपूर्वीचा. मावशीला आईने सांगितलेला असतो, जरा वाढवून. पोरांपर्यंत पोचतं ते एवढंच, की पप्पांना पुरत नाही. मग एक दिवस अठरा वर्षांचं पोर महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर अर्ज भरायला मोबाइल घेऊन बसतं आणि म्हणतं, "पप्पा, फॉर्म सोळा द्या, स्कॅन करायचाय." पप्पा आतून कागद आणतात, उगाच दोनदा घडी घालतात, मग देतात. पोर आकडा वाचतं. वर बघतं. म्हणतं, "पप्पा, एवढेच?"

त्या एका 'एवढेच'ने पप्पांचं वय दहा वर्षांनी वाढतं. आणि दुसऱ्याच दिवशी त्याच पोराला खिडकीवर कळतं, की एवढेच म्हणजे फार जास्त झाले. मर्यादेच्या वर.

मर्यादा म्हणजे काय, तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्तीसाठी ८ लाख. जुनी माणसं हिला अजून ईबीसीच म्हणतात. कुटुंबाचं सगळ्या मार्गांनी येणारं वर्षाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश सरकारी फेरीतून झाला असेल, तर खुल्या गटातल्या मुलाची निम्मी शिक्षण फी सरकार भरतं. मुलगी असेल तर २०२४-२५ पासून पूर्ण. म्हणजे आमच्या गल्लीत जुळे भाऊ-बहीण एकाच वर्षी इंजिनिअरिंगला गेले, तर बाप तोच, दाखला तोच, लाईट बिलही तेच. बहिणीच्या बाबतीत तो बाप पूर्ण गरीब ठरतो आणि भावाच्या बाबतीत निम्मा. मुलींसाठीचा तो निर्णय चांगला आहे आणि व्हायलाच हवा होता. पण एकच गृहस्थ एकाच टेबलावर दोन प्रमाणांत गरीब होताना बघणं हा वेगळा आनंद आहे. योजना पहिल्या दोन अपत्यांनाच मिळते, त्यामुळे तिसरं पोर झालेल्या बापाला सरकार त्या तिसऱ्यापुरतं श्रीमंत समजतं, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

आता ही ८ लाखांची रेघ बघा. ७ लाख ९९ हजारवाला आत आणि ८ लाख ३ हजारवाला बाहेर. अधेमधे पायरी नाही. समजा कॉलेजची फी सव्वा लाख आहे. चार हजारांनी जास्त कमावलेल्या बापाला त्या चार हजारांपायी साडेबासष्ट हजारांचा फटका. त्यामुळे महागाई भत्ता वाढल्याची बातमी आली की काही घरांत चेहरे पडतात. भत्त्याचा फरक मार्चच्या पगारात आला तर बाप साहेबांकडे जाऊन विनवतो, की एप्रिलमध्ये देता येईल का. पगार पुढे ढकला म्हणून हात जोडणारा नोकरदार जगाच्या पाठीवर फक्त मुलाच्या शिष्यवृत्तीच्या वर्षात सापडतो. मला तर एक गृहस्थ ठाऊक आहेत, त्यांनी ओव्हरटाइम सोडला आणि घरी सांगितलं, "डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय."

खरी गंमत पुढेच आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर माफ केला. कारण काय, तर मध्यमवर्गाच्या हातात पैसा राहावा. म्हणजे १० लाख कमावणारा बाप दिल्लीच्या हिशेबात कर भरण्याइतकाही मोठा नाही, आणि मुंबईच्या हिशेबात त्याच्या पोराला मदतीची गरज नाही. आठ ते बारा लाखांच्या मधल्या या पट्ट्यात राहणारा माणूस एका खात्याला गरीब दिसतो आणि दुसऱ्याला सधन. तो स्वतः आरशात बघतो तेव्हा त्याला फक्त गृहकर्जाचा हप्ता दिसतो. आणि हप्ता दाखल्यात मोजत नाहीत. आजारी आई मोजत नाहीत, बहिणीच्या लग्नाचं देणं मोजत नाहीत, बाप संध्याकाळी पगार कुठे घालवून येतो तेही मोजत नाहीत. दाखल्यात येणारं तेवढं मोजतात. जाणाऱ्याला तिथे रकानाच नाही.

इतर दाखल्यांमध्ये तर हाच बाप आणखी रूपं घेतो. इतर मागासवर्गीयांच्या नॉन-क्रीमी लेयरसाठीही मर्यादा ८ लाखांचीच. पण तिथे उत्पन्नाच्या कसोटीत पगार धरत नाहीत आणि शेतीचं उत्पन्नही धरत नाहीत. त्या खिडकीवर नऊ लाख पगाराचा माणूस 'क्रीमी' नसतो, आणि शेजारच्या खिडकीवर तोच मर्यादेबाहेर जातो. आर्थिक दुर्बल घटकाच्या, म्हणजे ईडब्ल्यूएसच्या दाखल्यात पुन्हा वेगळं. तिथे कुटुंब म्हणजे अर्जदार, आई-वडील, नवरा किंवा बायको, अठराच्या आतली भावंडं आणि अठराच्या आतली स्वतःची मुलं. मोठा भाऊ पुण्यात आयटीत लठ्ठ पगार घेत असेल तर तो कुटुंबात नाही. सातवीतला धाकटा मात्र आहे, आणि त्याचं उत्पन्न शून्य. आजोबाही कुटुंबात नाहीत. त्यामुळे दिंडोरीकडची द्राक्षबाग आजोबांच्या नावावर असली की नातू निर्धास्त असतो, आणि आजोबांच्या तब्येतीची चौकशी घरात एकाएकी सगळेच करू लागतात. केंद्राच्या नियमाने शेती पाच एकर झाली की दाखला गेला. एरवी बांधाच्या वितीसाठी भावकीत कोर्टकचेऱ्या करणारी माणसं या काळात 'वाटणी झाली तर बरं, माझ्या नावावर थोडी कमीच येऊ द्या' असं म्हणताना ऐकली आहेत.

अठरा वर्षांचा झाला की मुलगा मत देऊ शकतो. आमदार निवडतो, खासदार निवडतो, गाडीचं लायसन्स काढतो, कर्जाच्या कागदावर सही करतो. चूक केली तर पोलीस त्यालाच धरतात, बापाला नाही. फक्त शिकायला मदत हवी असली, की तो एकदम बापाचा मुलगा होतो. हे काही आपल्याच इथे आहे असं नाही. अमेरिकेत सरकारी मदतीसाठी विद्यार्थ्याला साधारण चोविसाव्या वर्षापर्यंत आई-बापांच्या उत्पन्नाला बांधून ठेवतात. लग्न केलं तर मात्र तिथे बाप सुटतो. आपल्याकडे ईडब्ल्यूएसमध्ये लग्न केलं तरी बाप राहतोच, वर नवरा किंवा बायको येऊन बसते. स्वीडनमध्ये महाविद्यालयीन मुलांचं अनुदान आई-बापांच्या कमाईवर ठरत नाही. विद्यार्थी स्वतः काय कमावतो तेवढं बघतात. हे मी एका काकांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग तिथे बापाला पोरं विचारतात तरी कशाला?"

सरकारचं गृहीतक असं, की बापाच्या खात्यात पैसा आला म्हणजे तो पोरापर्यंत पोचला. हा प्रवास किती अवघड असतो हे पोरांना विचारा. बाप नऊ लाख कमावतो आणि म्हणतो, "आम्ही नगरपालिकेच्या दिव्याखाली शिकलो." बापाने घर सोडलेलं असतं आणि कागदोपत्री तोच कुटुंबप्रमुख असतो. आईने कोर्टाची पायरी चढलेली नसते, त्यामुळे घटस्फोटाचा कागद नसतो, आणि कागद नसल्यामुळे, जो माणूस पोराला दिवाळीला फोनही करत नाही त्याचा फॉर्म सोळा मागितला जातो. अशा घरांतल्या पोरी रांगेत काही बोलत नाहीत. फाईल छातीशी धरून उभ्या असतात, आणि नंबर आल्यावर खिडकीतल्याला हळू आवाजात समजावत बसतात. यात विनोद करण्यासारखं मला काही सापडलेलं नाही.

तसं बघितलं तर शिकणाऱ्याला मदत करायची परंपरा या गावाला जुनी आहे. १९२० साली शाहू महाराज नाशकात आले आणि उदोजी मराठा वसतिगृहाच्या इमारतीचा पाया घातला. खेड्यातल्या पोराची शहरात राहायची सोय झाली की तो शिकतो, एवढा साधा त्यांचा हिशेब होता. सयाजीराव गायकवाडांनी तरुण भीमराव आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन १९१३ साली अमेरिकेला पाठवलं. तेव्हा कुणी त्यांच्या वडिलांच्या, म्हणजे रामजी सुभेदारांच्या, पेन्शनची तीन वर्षांची कागदपत्रं मागितली असती, तर पेन्शन मर्यादेत बसतं की नाही यावर बडोद्यात टिपणी फिरत राहिली असती आणि बोट निघून गेली असती. त्याच आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९३० साली आमच्या काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह झाला. पुढे १९४४ पासून अनुसूचित जातींच्या मुलांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. ती आजही आहे, आणि तिची उत्पन्नमर्यादा आहे अडीच लाख. अडीच लाख म्हणजे महिन्याला एकवीस हजारांच्या आत. शिपाई, वॉचमन, सफाई कामगार, ज्याला कायम नोकरी लागली तो पहिल्या पगारातच ही रेघ ओलांडतो. वर गेलेल्यांची फी महाराष्ट्रात फ्रीशिपमधून भागते हे खरं, पण पोराच्या जेवणाखाण्याचा भत्ता जातो. ज्या पिढीने पहिल्यांदा पगाराची पावती बघितली, तिलाच 'तुम्ही आता वर आलात' असं सांगायचं, याला काय म्हणावं? आठ लाखांवरून कुरकुरणाऱ्या आम्हा मंडळींनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना ईबीसी सवलत आली, आणि त्यांच्या काळात मर्यादा होती वर्षाला बाराशे रुपये. जातीऐवजी ऐपत बघून फी माफ करायची, हा विचार त्या काळात मोठा होता. खेड्यापाड्यातली किती माणसं त्या एका सवलतीवर शिकली, ते आज त्यांच्या नातवंडांच्या लग्नपत्रिकांवरच्या पदव्यांवरून मोजता येईल. बाराशेवरून आपण आठ लाखांवर आलो, पण आलो ते अडखळत. मधल्या प्रत्येक टप्प्यावर कुणाचं तरी पोर रेघेच्या चुकीच्या बाजूला उभं होतं.

रामकुंडावर तीर्थपुरोहितांकडे जुन्या चोपड्या आहेत. गावाचं नाव आणि आडनाव सांगितलं की तुमचे खापरपणजोबा कधी आले होते, बरोबर कोण होतं, ते पान काढून दाखवतात. कुटुंबाची एवढी बिनचूक नोंद कुठल्याही पोर्टलवर नाही. आणि त्या नोंदीत यजमानाचं उत्पन्न किती, हा रकाना नाही. खापरपणजोबांनी दक्षिणा किती द्यायची ते माणूस बघून ठरत असणार. बघून ठरवायची ती विद्या आता संपली, म्हणून दाखले आले. कारण बघून ठरवणारा माणूस ओळखीच्यालाच गरीब ठरवतो, हाही अनुभव आहे. दाखला खोटा असू शकतो, पण निदान तो अनोळखी माणसालाही मिळतो. एवढं त्याच्या बाजूने बोललं पाहिजे.

दाखला मिळाला म्हणजे झालं, असं मात्र समजू नका. अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्क लॉगिनला जातो, मग प्रिन्सिपल लॉगिनला, मग जिल्ह्याला. कुठेतरी नावातलं एक अक्षर आधारशी जुळत नाही आणि अर्ज 'बॅक' येतो. बापाचं नाव रेशन कार्डावर ज्ञानेश्वर, आधारवर ज्ञानेश्र्वर आणि बँकेत डी. के. तीन बाप म्हणजे तीन उत्पन्नं, असं संगणकाला वाटत असावं. मग आधार सीडिंग. मग मंजुरी आल्यावर 'रिडीम'चं बटण दाबायचं, ते विसरलं तर पैसे तिथेच. तोवर पोराचं दुसरं सत्र संपत आलेलं असतं, आणि फी बापाने कधीच उसनवारीवर भरलेली असते. आलेले पैसे त्या उसन्यात जातात. पोराच्या हातात येतो तो बँकेचा मेसेज. तो स्क्रीनशॉट काढून आईला पाठवतो.

माझं म्हणणं फार मोठं नाही. क्रीमी लेयरची रेघ १९९३ ला १ लाख होती, २००४ ला अडीच झाली, २००८ ला साडेचार, २०१३ ला सहा आणि २०१७ ला आठ. २००४ पासून तोवर दर चार-पाच वर्षांनी कुणीतरी ती हलवत होतं. २०१७ नंतर रेघ जागच्या जागी आहे. शाहू शिष्यवृत्तीचे ८ लाखही त्याच सुमाराचे. या काळात इंजिनिअरिंगची फी, हॉस्टेल, मेस आणि निमाणीवरचा वडापाव यांतलं काहीही जागच्या जागी राहिलेलं नाही. या रेघा महागाई भत्त्याशी बांधून टाकाव्यात, म्हणजे पगार वाढला की बाप आपोआप श्रीमंत होणार नाही. रेघेच्या वर गेलेल्याची मदत एकदम तोडण्यापेक्षा पायरीपायरीने कमी करावी. आणि अडीच लाखांची रेघ सगळ्यांत आधी हलवावी. तिथे उभे आहेत ते बाकीच्यांपेक्षा कमी बोलतात, म्हणून ती मागे राहिली आहे.

तोवर ज्यांच्या घरी यंदा बारावी आहे त्यांना एकच सांगणं. जुना दाखला ३१ मार्चला संपतो. नवा एप्रिलमध्येच काढून घ्या, नाव आधारप्रमाणे तपासून घ्या, एक वर्षाचा लागणार की तीन वर्षांचा ते कॉलेजात आधी विचारा. जूनमध्ये गेलात तर सर्व्हर डाऊन असतो, आणि रांगेत तुमच्या पुढे सगळी पंचवटी गरीब होऊन उभी असते.